कोकण किनारपट्टीवरील चक्रीवादळाची जोखीम : गाव आणि बागेचे मूल्यमापन कसे करावे?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, मंडणगड आणि दापोली भागातील नारळ-सुपारीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. सुपारीची नवी लागण उत्पन्नावर यायला पाच ते सात वर्षे लागतात. त्यामुळे अनेक कुटुंबांसाठी हे एका हंगामाचे नव्हे, तर कित्येक वर्षांचे नुकसान ठरले.

वादळ थांबवता येत नाही. मात्र ते आल्यावर आपल्या गावात कोणती वाडी, कोणते खाचर आणि कोणता बांध आधी जाईल, हे बऱ्याच अंशी आधी ओळखता येते. या लेखात ती ओळख करून घेण्याची पद्धत, पीकनिहाय धोके आणि त्यानुसार करावयाची कामे दिली आहेत.

जोखीम म्हणजे काय?

जोखमीचे तीन भाग असतात. ते वेगवेगळे तपासावेत.

• धोका : आपल्या भागात वादळ येण्याची शक्यता, वाऱ्याचा वेग, पाऊस आणि समुद्राच्या पाण्याची चढ.
• समोर काय आहे : त्या वेळी उभे असलेले पीक, झाडे, गुरे, गोठा, पंप, बांध.
• नाजूकपणा : फटका बसल्यास किती मोडेल आणि पुन्हा उभे राहण्यासाठी शेतकऱ्याकडे काय साधन आहे.

एकाच वाऱ्यात शेजारच्या दोन वाड्यांचे नुकसान वेगळे का होते, याचे उत्तर दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात मिळते. पहिला भाग आपल्या हातात नाही, उरलेले दोन आहेत.

पायरी १ : वादळांचा इतिहास आणि हंगाम पाहावा

अरबी समुद्रात बंगालच्या उपसागरापेक्षा कमी चक्रीवादळे होतात. जुने प्रमाण साधारण चारास एक असे मानले जाते. त्यातील अनेक वादळे ओमान-येमेनकडे किंवा गुजरातकडे वळतात. त्यामुळे कोकणात वादळाची सवय नाही, आणि सवय नसणे हीच एक जोखीम आहे. अलीकडच्या दशकांत अरबी समुद्राचे पाणी तापले असून तेथील वादळांची संख्या आणि तीव्रता वाढल्याचे भारतीय हवामानशास्त्रज्ञांच्या अभ्यासातून पुढे आले आहे.

वादळाचे दोन हंगाम आहेत : मान्सूनपूर्व (एप्रिल ते जून) आणि मान्सूनोत्तर (ऑक्टोबर ते डिसेंबर). गेल्या काही वादळांतून पुढील गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

• फयान (नोव्हेंबर २००९) : ११ नोव्हेंबरला मुंबई आणि अलिबागच्या दरम्यान किनारा ओलांडला. भात कापणी-मळणीच्या काळात आणि मासेमारीच्या भर हंगामात आले. निसर्गच्या तुलनेत वारा कमी असूनही किनाऱ्यावर मोठे नुकसान झाले.
• क्यार (ऑक्टोबर २०१९) : हे वादळ समुद्रातच राहिले, महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आले नाही. तरीही दिवाळीच्या दिवसांत पडलेल्या पावसाने कोकणातील तयार भात आडवे झाले आणि शेतातच कोंब आले.
• निसर्ग (जून २०२०) : वादळ थेट किनाऱ्यावर आले. मुख्य नुकसान वाऱ्यामुळे, आणि तेही बहुवार्षिक झाडांचे झाले.
• तौक्ते (मे २०२१) : वादळ किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकत १७ मेच्या रात्री गुजरातमध्ये शिरले. जाताना सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत झाडावरचा आंबा खाली पाडून गेले.

या नोंदींवरून दोन निष्कर्ष निघतात. वादळ आपल्या गावावरून गेले नाही तरी नुकसान होऊ शकते. आणि वादळ कोणत्या महिन्यात आले, यावर नुकसान कोणत्या पिकाचे होणार हे ठरते.

पायरी २ : वाऱ्याच्या वेगाचा अर्थ समजून घ्यावा

भारतीय हवामान विभाग वाऱ्याच्या वेगावरून पुढीलप्रमाणे वर्गवारी करतो (वेग ताशी किलोमीटरमध्ये).

• डिप्रेशन : ३१ ते ४९
• डीप डिप्रेशन : ५० ते ६१
• चक्रीवादळ : ६२ ते ८८
• तीव्र चक्रीवादळ : ८९ ते ११७
• अति तीव्र चक्रीवादळ : ११८ पासून पुढे. त्यात १६७ च्या वर आणखी वरचा वर्ग आहे.
• सुपर सायक्लोन : २२२ आणि त्याहून अधिक

येथे एक गणित लक्षात ठेवावे. झाडावर पडणारा वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ६० वरून १२० झाला, म्हणजे दुप्पट झाला, तर दाब चौपट होतो. म्हणून ‘मागच्या वादळात काही झाले नाही’ हा अनुभव पुढच्या वादळासाठी पुरेसा ठरत नाही. वेगाचा आकडा थोडा वाढला तरी झाडावरचा भार बराच वाढलेला असतो. शिवाय बातमीत दिलेल्या सरासरी वेगापेक्षा झोताचा वेग जास्त असतो आणि फांद्या मोडतात त्या झोतानेच.

पायरी ३ : वादळाच्या कोणत्या बाजूला आपण आहोत?

आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. वादळ ज्या दिशेने सरकते, त्या दिशेला तोंड करून उभे राहिल्यास उजव्या हाताला वारा अधिक जोराचा असतो. कारण तेथे फिरण्याचा वेग आणि पुढे सरकण्याचा वेग एकत्र येतात.

निसर्ग ईशान्येकडे सरकत किनाऱ्यावर आले. त्यामुळे त्याची उजवी बाजू दक्षिणेकडे, म्हणजे श्रीवर्धन ते दापोली पट्ट्याकडे होती. तौक्ते उत्तरेकडे जात होते, तेव्हा संपूर्ण कोकण किनारा त्याच्या उजव्या हाताला होता. नकाशावर वादळाची रेषा पाहताना केवळ ‘आपल्यापासून किती लांब’ हे न पाहता आपण त्या रेषेच्या कोणत्या बाजूला येतो हेही पाहावे. अंदाजाची रेषा बदलू शकते. नकाशावर तिच्या दोन्ही बाजूंना दाखवलेला पट्टा पूर्ण धरून तयारी करावी.

वादळाचा मध्य डोक्यावरून गेला तर मध्येच वारा अचानक शांत होतो. ही विश्रांती फसवी असते. थोड्या वेळाने उलट दिशेने तितकाच जोराचा वारा सुटतो. या काळात बागेत जाऊ नये.

पायरी ४ : गावाची जागा तपासावी

महाराष्ट्राचा किनारा सुमारे ७२० किलोमीटर लांब आहे, पण त्यावर सगळीकडे सारखा धोका नाही. गावफेरी करताना पुढील बाबी नोंदवाव्यात.

• समुद्र आणि खाडीपासूनचे अंतर : खाडीच्या तोंडातून पाणी आत घुसते. समुद्रापासून दूर असलेले खाडीकाठचे गावही पाण्याच्या धोक्यात असू शकते.
• उंची आणि उतार : सखल पुळण व खाजण जमिनीत पाणी साचते, सड्यावर वारा मोकळा लागतो, तर तीव्र उतारावर अतिवृष्टीने दरड सरकते.
• वाऱ्याची वाट : दोन डोंगरांमधील खिंड किंवा समुद्राकडे तोंड असलेल्या दरीत वाऱ्याचा जोर वाढतो. पश्चिमेला डोंगर असलेल्या वाडीला आडोसा मिळतो.
• आडोशाची झाडे : किनाऱ्यावरील सुरूचे बन, कांदळवन, बांबूची बेटे शाबूत आहेत की तुटली आहेत?
• जमीन : कातळात सुरुंग लावून केलेल्या खड्ड्यांतील झाडांची मुळे खड्ड्यापुरतीच राहतात, अशी झाडे मुळासकट कलंडतात. पाणी साचणाऱ्या वाळूमिश्रित जमिनीतही मुळांची पकड सुटते.

भरतीचे वेळापत्रक हाताशी ठेवावे. वादळामुळे चढलेले पाणी आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणारे उधाण एकत्र आले, तर खारबंदिस्तीवरून पाणी आत येते. तेच वादळ भांगाच्या किंवा ओहोटीच्या वेळी आले, तर नुकसान कमी होते. पालघर-मुंबईकडे भरती-ओहोटीतील फरक मोठा असतो, दक्षिणेकडे तो कमी होत जातो. त्यामुळे उत्तर कोकणात वादळ कोणत्या तासाला येते याला अधिक महत्त्व आहे.

पायरी ५ : पीकनिहाय धोका ओळखावा

सुपारी : उंच, बारीक खोड. जोराच्या वाऱ्यात ते मधूनच तुटते. पोफळीला वाढीचा कोंब एकच असल्याने शेंडा तुटलेले झाड पुन्हा फुटत नाही. एक झाड पडताना शेजारची घेऊन पडते. वादळानंतर सावली गेल्यामुळे उरलेल्या झाडांच्या खोडावर दुपारचे ऊन थेट पडते, खोड भाजते आणि पुढे तेथून मोडते. हे दुसरे नुकसान अनेकदा मोजणीत येत नाही.

नारळ : खोड लवचीक आणि मुळांचा झुबका दाट असल्याने सुपारीपेक्षा तग धरतो. मात्र म्हातारी, किडीने पोखरलेली आणि पाणथळ जागेतील झाडे आधी जातात. शेंडा पिरगळलेले झाड लगेच मेलेले दिसत नाही, निर्णयासाठी काही आठवडे थांबावे लागते.

आंबा : मे महिन्यातील वादळात दोन प्रकारचे नुकसान होते. तयार फळ गळते आणि झाड मोडते. उंच वाढलेली, आतून दाट, खोडकिडीने पोखरलेली झाडे सर्वात धोक्यात असतात. गळलेल्या फळाला मार लागलेला असल्याने त्याला कॅनिंगचाच भाव मिळतो. एप्रिलच्या सुरुवातीला बहुतांश काढणी झालेली बाग आणि उशिरा मोहोरलेली बाग यांची जोखीम सारखी नसते.

काजू : मुळे उथळ असल्यास झाड कलंडते. बहुतांश बी मेपर्यंत वेचून होते, म्हणून हंगामाच्या नुकसानीपेक्षा झाडाचे नुकसान महत्त्वाचे.

भात : जूनच्या वादळात रोपवाटिका आणि पेरणीवर परिणाम होतो, पण सावरायला वेळ असतो. ऑक्टोबरमध्ये मात्र हळवे भात कापणीला आलेले आणि निमगरवे पक्वतेला पोचलेले असते, तेव्हा वेळ उरत नाही. संपूर्ण क्षेत्र एकाच मुदतीच्या वाणाखाली असेल तर जोखीम वाढते.

खारजमिनी : खाऱ्या पाण्याचा परिणाम महिन्यावर अवलंबून असतो. जूनमध्ये पाणी शिरले तर पुढच्या पावसाने क्षार धुऊन जातात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरले तर पाऊस संपलेला असल्याने क्षार जमिनीतच राहतात आणि रब्बी पीक हातचे जाते.

आंतरपिके : मिरी, जायफळ यांचा आधार आणि सावली नारळ-सुपारीची असते. मुख्य झाड गेले की आंतरपीकही जाते. म्हणून मिश्र वाडीचे नुकसान क्षेत्रावर न मोजता झाडनिहाय मोजावे लागते.

पायरी ६ : गुण देऊन वर्गवारी करावी

पुढील सहा बाबींना प्रत्येकी १ ते ३ गुण द्यावेत. १ म्हणजे कमी, ३ म्हणजे जास्त जोखीम. ही सरकारी वर्गवारी नाही. गावात कामाचा क्रम ठरवण्यासाठी वापरायचे ते साधे साधन आहे.

१. समुद्र किंवा खाडीपासून अंतर : १० किमीपेक्षा जास्त – १, १ ते १० किमी – २, १ किमीच्या आत – ३.
२. आडोसा : डोंगर किंवा दाट वारारोधक रांग – १, तुटक रांग – २, पूर्ण मोकळे – ३.
३. जमीन व मुळे : खोल, निचऱ्याची – १, वाळूमिश्रित किंवा कधीकधी पाणथळ – २, कातळातील खड्डे किंवा कायम पाणथळ – ३.
४. झाडांची स्थिती : बुटकी, छाटलेली, निरोगी – १, मध्यम – २, उंच, जुनी, किडलेली – ३.
५. मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उभे असलेले उत्पन्न : थोडे – १, निम्मे – २, जवळपास सगळे – ३.
६. सावरण्याची क्षमता : विमा, नोंदी आणि दुसरे उत्पन्न – १, यातील काही – २, काहीच नाही – ३.

बेरीज ६ ते ९ असल्यास कमी, १० ते १३ मध्यम आणि १४ ते १८ जास्त जोखीम समजावी.

उदाहरण : समजा, पहिली वाडी किनाऱ्यापासून अर्ध्या किलोमीटरवर आहे (३). पुढचे सुरूचे बन तुटले आहे आणि समोर मोकळे आहे (३). जमीन वाळूमिश्रित (२), सुपारी तीस वर्षांची व उंच (३), वादळाच्या महिन्यांत निम्मे उत्पन्न झाडावर (२) आणि सगळे घर याच वाडीवर, विमा नाही (३). बेरीज १६, म्हणजे जास्त जोखीम. दुसरी बाग काजूची, किनाऱ्यापासून १२ किलोमीटरवर (१), पश्चिमेला डोंगर (१), कातळातील खड्डे (३), मध्यम वाढीची झाडे (२), मेपर्यंत बी वेचून झालेली (१), विमा व दुसरे उत्पन्न असलेली (१). बेरीज ९, म्हणजे कमी जोखीम.

बेरीज कमी आली तरी ज्या बाबीला ३ गुण आहेत तिच्यावर स्वतंत्र काम करावे. दुसऱ्या बागेतील कातळातील झाडांना भर आणि आधार लागेलच.

जोखीम कमी करण्याची दीर्घ मुदतीची कामे

• समुद्राच्या बाजूने सुरू, बांबू किंवा स्थानिक झाडांची दोन-तीन ओळींची वारारोधक रांग लावावी. रांगेच्या उंचीच्या साधारण १० ते १५ पट अंतरापर्यंत संरक्षण मिळते. रांग भिंतीसारखी बंद नसावी. थोडा वारा गाळून जाऊ दिल्यास मागे भोवरे होत नाहीत.
• आंब्याची उंची आटोक्यात ठेवावी. काढणी संपल्यावर मधली दाट फांदी काढून वारा खेळता करावा. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर) लावावी.
• म्हातारी व पोखरलेली झाडे वेळीच काढून टप्प्याटप्प्याने नवी लागण करावी. सगळी वाडी एकाच वयाची ठेवू नये.
• खारबंदिस्तीची खांडी पडलेली जागा आणि उघाडीची झडप पावसाळ्यापूर्वी आणि पुन्हा सप्टेंबरमध्ये तपासावी. क्षार सोसणाऱ्या भाताचे (पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३) बियाणे धोक्याच्या खाचरांसाठी राखून ठेवावे.
• भाताच्या दोन वेगळ्या मुदतीच्या वाणांत क्षेत्र विभागावे.

इशारा मिळाल्यानंतर

हवामान विभाग चार टप्प्यांत सूचना देतो. पहिली पूर्वसूचना साधारण ७२ तास आधी, दुसरी (पिवळी) किमान ४८ तास आधी, तिसरी (नारिंगी) किमान २४ तास आधी आणि चौथी (लाल) किनाऱ्यावर येण्याच्या किमान १२ तास आधी येते. त्यानुसार कामे वाटून घ्यावीत.

• ७२ ते ४८ तास : तयार आंबा काढावा, तयार भात कापून मळणी करावी. कापलेले भात शेतात पसरून ठेवू नये. बागेचे व झाडांचे फोटो काढावेत.
• ४८ ते २४ तास : सुके झाप, लोंबते नारळ आणि घरावर-तारेवर आलेल्या फांद्या उतरवाव्यात. लहान कलमांना दोन बाजूंनी आधार द्यावा. शेडनेट उतरवून ठेवावी. चर मोकळे करावेत. फवारणी आणि खत देणे थांबवावे.
• शेवटचे २४ तास : पंप-मोटार, बियाणे, खते उंचावर हलवावीत. गुरे दावणीला न बांधता सुरक्षित, पक्क्या जागी ठेवावीत. माणसांनी झाडावर चढण्याचे काम बंद करावे.

निसर्गनंतर अनेक गावांत कित्येक दिवस वीज आणि मोबाइल बंद होते. म्हणून सेलवर चालणारा रेडिओ, पिण्याचे पाणी, विळा-करवत आणि आवश्यक कागदपत्रे पिशवीत तयार ठेवावीत.

वादळानंतरचा पहिला आठवडा

• तुटलेल्या विजेच्या तारा खाली असू शकतात. महावितरणच्या कर्मचाऱ्यांनी तपासल्याशिवाय बागेत कापणी सुरू करू नये.
• कलंडलेली लहान कलमे दोन-तीन दिवसांत सरळ करावीत. तुटलेली मुळे साफ कापून, फांद्यांचा भार एक तृतीयांश ते निम्मा कमी करून, माती घट्ट दाबून आधार द्यावा. मोठे आंब्याचे झाड पडले तरी त्याची काही मुळे जमिनीत असतील, तर ओढून उभे करू नये. छाटणी करून आहे तसे ठेवल्यास पुन्हा फुटते.
• नारळ-सुपारीची पडलेली खोडे वाडीत कुजू देऊ नयेत. त्यात गेंडा भुंगा वाढतो. जखमी नारळावर सोंड्या भुंगा येतो. शेंड्यातील कुजका भाग काढून १ टक्का बोर्डो मिश्रण द्यावे.
• सावली गेलेल्या सुपारीच्या खोडाला पश्चिम-दक्षिण बाजूने चुना लावावा किंवा झाप बांधावेत.
• खारे पाणी शिरलेल्या खाचरातून ते ओहोटीला लगेच उघाडीतून काढावे, खांड बुजवावी आणि पेरणीपूर्वी माती-पाण्याची विद्युत वाहकता तपासून घ्यावी.

नोंदी आणि विमा

भरपाई अडते ती बहुधा नोंदीवर. सातबारावर ‘नारळ’ इतकेच लिहिलेले असते, प्रत्यक्षात त्याच गुंठ्यांत सुपारी, मिरी आणि जायफळ असते. ई-पीक पाहणीत मिश्र पिके आणि झाडांची संख्या नोंदवावी. वहीत झाडांचा प्रकार, वय आणि संख्या लिहून दरवर्षी अद्ययावत करावी. सामाईक सातबारा असल्यास कोणती झाडे कोणाची, याचे संमतीपत्र शांत काळातच करून ठेवावे.

आंबा-काजूसाठी हवामान आधारित फळपीक विमा महसूल मंडळातील हवामान केंद्राच्या आकड्यांवर चालतो. बागेत नुकसान झाले तरी केंद्रावर ठरलेली मर्यादा ओलांडली नसेल, तर भरपाई मिळत नाही. म्हणून आपले केंद्र कोठे आहे आणि विम्याच्या तारखा कोणत्या, हे आधी पाहावे. भातासाठी कोणत्या जोखमी विम्यात येतात हे हंगामानुसार बदलते, त्या वर्षीची अधिसूचना वाचूनच अर्ज भरावा. पंचनाम्याच्या वेळी स्वतः हजर राहून झाडांची संख्या तपासावी. पंचनामा होईपर्यंत पडलेली झाडे फोटो न काढता हलवू नयेत.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गावाच्या नकाशावर जास्त जोखमीच्या वाड्या, खारबंदिस्तीच्या कमकुवत जागा, पक्की घरे आणि करवत-ट्रॅक्टर असलेली माणसे दाखवावीत. ही फेरी एप्रिलच्या आत एकदा आणि सप्टेंबरच्या शेवटी एकदा करावी. मागच्या वादळात कोणती झाडे कोणत्या दिशेला पडली, पाणी कोठपर्यंत आले, हे ज्येष्ठ शेतकऱ्यांना विचारून त्याच नकाशावर लिहावे. दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या हवामान सल्ल्याची माहिती दर मंगळवारी आणि शुक्रवारी गटावर द्यावी. इशारा आल्यावर सर्वात आधी १४ पेक्षा जास्त गुण असलेल्या घरांना फोन करावा. वृद्ध किंवा एकट्या राहणाऱ्या वाडीमालकांना काढणी व छाटणीसाठी मनुष्यबळ मिळवून द्यावे. शेवटच्या दोन दिवसांत त्यांना कमी पडतात ते हातच.